बाबांच्या वाटचं उठणं

अकोल्यात आम्ही कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनच्या आवारातच राहायचो. कापसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत, जिनचा भोंगा पहाटे पाच वाजता व्हायचा आणि त्या आवाजाने अर्धं गाव उठायचं. दूधवाले उठायचे, नळावर नंबर लावणाऱ्या बाया उठायच्या, मोर्णा नदीपलीकडचे वकीलसुद्धा उठायचे आणि कूस बदलून पुन्हा झोपायचे. हा भोंगा माझे बाबा वाजवायचे. ते बॉयलरवर होते. आणि ज्या माणसाने सगळं गाव उठवायचं पत्करलं होतं, त्याच्या घरात, भोंग्यापासून शंभर पावलांवर, एकोणीस वर्षांचा मुलगा आठ वाजेपर्यंत घोरत पडलेला असायचा. तो मी. मी त्या आवाजाखालीच जन्मलो होतो. माझ्या कानांनी त्याची दखल घेणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"गावाले उठोते, अन् घरचं रेडकू गोठ्यातच," माय म्हणायची. ती एकदाच हाक मारायची. दुसरी हाक मारणं तिला कमीपणाचं वाटत असावं.

मी मॅट्रिक झालो होतो. चार ठिकाणी अर्ज केले होते आणि उत्तराची वाट पाहणं एवढंच माझं काम होतं. ते काम झोपूनही करता येतं, असं माझं मत होतं.

त्या हिवाळ्यात बाबांचा दमा वाढला. बॉयलरवर येण्याआधी पंधरा वर्षं त्यांनी जिनच्या आत मशीनवर काढली होती. तिथे हवेत कापसाचा तूस असा भरलेला असतो की माणूस संध्याकाळी बाहेर येतो तेव्हा भुवयाही पांढऱ्या झालेल्या असतात. तो तूस छातीत बसला आणि वर बॉयलरचा धूर. घरापासून मोर्णेच्या पुलापर्यंत जाताना बाबांना तीनदा बसावं लागायचं. दवाखान्यातून लाल औषधाची बाटली यायची, ती संपायची, पुन्हा यायची. शेवटी डॉक्टरच म्हणाले की नगरपालिकेच्या शाळेच्या मैदानावर पहाटे योगासनांचा वर्ग सुरू झाला आहे, तिथे जा. श्वासाचे प्रकार शिका. त्याने फरक पडेल.

वर्ग घेणारे गुरुजी नांदगाव पेठेकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. अमरावतीच्या एका व्यायामशाळेत शिकून आले होते. बाबा त्यांना जाऊन भेटले. गुरुजी म्हणाले, वर्ग साडेपाचला, उपाशीपोटी, आणि साडेपाचनंतर फाटक बंद. बाबांची ड्यूटी पहाटे साडेतीनला सुरू व्हायची ती दुपारी दोनपर्यंत. हंगामात एक दिवस सुट्टी नाही. बॉयलर कोणाच्या श्वासासाठी थांबत नाही.

बाबा घरी आले, खाटेवर बसले, दम खाल्ला आणि मला म्हणाले, "तू जाय. तू शिकून ये अन् दुपारी मले शिकव."

मी म्हणालो, "बाबा, साडेपाचले?"

"मंग काय गुरुजी तुह्यासाठी दहा वाजता आसन घालतीन?"

माय चुलीपुढून म्हणाली, "झालं. आता याच्या उठण्यावर तुमचा दम."

तिने ते चेष्टेत म्हटलं, पण खरं तेच होतं. मी उठलो तर बाबांना श्वास घेता येणार होता. मला ते कळत होतं, आणि त्या कळण्याने माझी झोप एक मिनिटभरही कमी झाली नाही. माणसाला लाज वाटायला आधी जागं असावं लागतं.

उपाय मात्र मी सगळे केले. शेजारच्या मुनीमजींचं गजराचं घड्याळ मागून आणलं. ते घड्याळ स्वतःच्या मर्जीचं होतं, पाचचा गजर लावला की कधी सव्वादोनला वाजे, कधी दुपारी जेवताना. मग कोणीतरी सांगितलं की झोपताना तांब्याभर पाणी प्यायचं, आपोआप उठावं लागतं. उठावं लागलं, एक वाजता. नंतर मी असा झोपलो की मायने अंगावरची गोधडी ओढून नेली तरी मला थंडीचंच स्वप्न पडलं. शेवटी मायने तिची पद्धत काढली. पहाटे पाचच्या सुमारास बाबांच्या न्याहारीच्या डब्याची भाकर टाकून झाली की ती पिठाचा ओला हात माझ्या मानेवर ठेवायची. डिसेंबरात अकोल्याचं पाणी कसं असतं ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. मी उठायचो, बोंबलायचो आणि जायचो. पण चार दिवसांतून एकदा पीठ मळायला उशीर व्हायचा, किंवा मी भिंतीकडे मान करून झोपलेला असायचो, आणि तो दिवस बुडायचा.

पहिल्या आठवड्यात मैदानावर माझ्या चटईच्या दोन्ही बाजूंना जरा जास्तच मोकळी हवा खेळत होती. आम्ही जिनच्या चाळीतले, आणि नागपूरला धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला वर्ष झालेलं. मंडळी तोंडाने काही बोलत नव्हती, फक्त चटया थोड्या सरकवायची. गुरुजींनी तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी उंचीनुसार ओळी लावल्या. माझ्या एका बाजूला सोन्याचांदीचे व्यापारी आले, दुसऱ्या बाजूला पातूरहून बदलून आलेले तलाठी. हात पसरले की एकमेकांना लागायचेच. महिन्याभरात व्यापाऱ्यांचा तोल गेला की ते माझाच खांदा धरायचे.

दुपारी दोनला बाबा यायचे. काळे पडलेले, भुकेलेले. मायने ताट मांडलेलं असायचं आणि मी म्हणायचो, थांबा, आधी आसन. उपाशीपोटीच करायचं, गुरुजींनी बजावलं होतं. माय ताटावर ताट झाकायची आणि भाकर थंडी होऊन राहिली म्हणून मला ऐकवायची. खाटेजवळ बाबा चटईवर बसायचे. समोरच्या भिंतीवर, बाबांनी नागपूरहून आणलेला, पद्मासनात बसलेल्या तथागतांचा फोटो होता. माझी पाठ वाकली की बाबा डोळ्यांनी तिकडे दाखवायचे. "तेवढं सरळ बस. मंग मले सांग."

मी सांगायचो. ताडासन, भुजंगासन, आणि श्वास आत जितका वेळ, त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. बाबांना एकदा सांगून कळत नसे. चार वेळा, पाच वेळा. पण एकदा कळलं की ते बॉयलरचा काटा पाहावा तसं लक्ष ठेवून करायचे. पंधरा-वीस दिवसांत रात्रीचा खोकला कमी झाला. मायने ते बोलून दाखवलं नाही, पण दुपारी भाकरी दोनच्याऐवजी अडीचला टाकू लागली.

आता माझ्या पापाची गोष्ट सांगतो. एका पहाटे मी झोपलो. दुपारी बाबा आले, हातपाय धुतले, चटईवर बसले आणि म्हणाले, "आज काय शिकोलं गुरुजीनं?" त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या मुलासारखी उत्सुकता होती. आज झोपलो होतो, हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी म्हणालो, "आज शकटासन."

असं आसन आहे की नाही मला माहीत नव्हतं. शकट म्हणजे बैलगाडी एवढं शाळेतलं आठवत होतं. मी पाय पसरून बसलो, दोन्ही हात जू धरल्यासारखे पुढे केले आणि कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळू लागलो. बैल ओढतात तसं. बाबांनी केलं. त्यांना ते फार आवडलं. "हे काही आपल्या कामाचं आहे," ते म्हणाले. "बाकी आसनं ऋषीची. हे शेतकऱ्याचं."

तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आठवडाभरात कळलं की बाबांनी ते जिनात नेलं. सरकीची पोती वाहणाऱ्या हमालांच्या कमरा सदा धरलेल्या. चहाच्या वेळेला दहा-बारा जण शेडच्या मागे पाय पसरून बसू लागले आणि बाबा उभे राहून सांगू लागले, डावा बैल, उजवा बैल. हमाल म्हणत, बाबाजी, कंबर मोकळी झाली. एक दिवस मी जिनात न्याहारीचा डबा द्यायला गेलो तर एका हमालाने मला हात जोडले. मी त्या दिवशी जेवलो नाही.

तरी मी शिकलो का? नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा झोपलो आणि यावेळी मी कूपासन काढलं. उभं राहायचं, गुडघ्यावर हात, वाकून विहिरीत पाहतो तसं पाहायचं, आणि विहिरीचा तळ दिसेपर्यंत श्वास कोंडून धरायचा. तीस आकडे मोजायचे. मला ते सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो.

बाबांनी वीसपर्यंत धरलं. मग त्यांना जो खोकला आला तो थांबेना. ते खाली बसले, खाट धरली, डोळे बाहेर आले, छातीतून भात्यासारखा आवाज येऊ लागला. माय धावत आली. मी पाणी घेऊन उभा होतो आणि ते तोंडाजवळ नेता येत नव्हतं. अर्ध्या तासाने श्वास जागेवर आला. बाबा भिंतीला टेकून बसले आणि मलाच म्हणाले, "भेऊ नको बापा. होते असं. उद्या जमून जाईन."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला गेलो तेव्हा शेजारच्या तलाठ्यांकडून कळलं की काल गुरुजींनी एकच गोष्ट तासभर सांगितली होती. दमेकऱ्याने श्वास कधी कोंडायचा नाही.

त्या दिवशी मला स्वतःची खरोखर किळस आली. घरी येऊन मी बाबांना एवढंच म्हणालो की कूपासन गुरुजींनी बंद केलं. खरं सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही. पण झोपेचं मात्र काहीतरी करायलाच हवं होतं, आणि ते घड्याळावर, तांब्यावर, मायच्या हातावर सोडून चालणार नव्हतं. मी बाबांना म्हणालो, "उद्यापासून मी तुमच्यासंगच निंगतो. साडेतीनले."

"तिथं काय करशीन?"

"बसतो. तुमच्यासमोर झोप लागाची नाही."

ते हसले. पण नेलं. पहिले दोन दिवस मी बॉयलरच्या उबेला बसलो आणि बसल्या बसल्या झोपलो. ती उबच तशी होती. तिसऱ्या दिवशी पाचला बाबांनी मला हलवलं आणि भोंग्याची साखळी हातात दिली. "ओढ. स्वतः वाजोलं तं ऐकू येईन तुले."

मी ओढली. थेट डोक्यावर आवाज फुटला. एकोणीस वर्षांत मी तो भोंगा पहिल्यांदा ऐकला. आणि गंमत अशी की साखळी सोडवेना. सगळं गाव आपल्या हातातून उठतं आहे, दूधवाले, बाया, वकील. मी इतका वेळ ओढून धरली की मॅनेजर धोतर सावरत बाहेर आले, आग लागली का म्हणून. बाबांनी सांगितलं की साखळी अडकली होती. खोटं बोलण्याची कला घरातच होती, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग रोज तेच. पाचला भोंगा ओढायचा, लांबी बाबा बोटाने दाखवतील तेवढीच, आणि तिथून रुळाच्या कडेने धावत मैदान गाठायचं. भोंगा आपण वाजवायचा म्हटल्यावर मला आपोआप सव्वातीनला जाग येऊ लागली. हंगाम संपेपर्यंत माझा एकही दिवस बुडाला नाही. बाबांना मी जे शिकवलं ते सगळं खरं होतं. फक्त ते शकटासन मध्येच रोज व्हायचं, कारण बाबा त्याशिवाय उठायचेच नाहीत.

होळी झाली आणि जिन बंद झालं. बॉयलर थंड पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा झाला नाही आणि त्या शांततेने मला जाग आली. काहीतरी राहून गेलं असं वाटून मी उठून बसलो. पाहतो तो बाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, चटईची गुंडाळी काखेत धरून उभे.

"चाल," ते म्हणाले. "आता मले सुट्टी आहे. गुरुजीले एकदा दाखवतो, तू मले काय काय शिकोलं ते."

मी माझी चटई उचलली. वाटेत सांगून टाकावं असं मी दहादा ठरवलं. जिनचं फाटक ओलांडल्यावर सांगू, रूळ ओलांडल्यावर सांगू. पण बाबा बोलत चालले होते. कोणता हमाल कसा वाकतो, कोणाला ताडासन जमत नाही. मोर्णेचा पूल आला आणि गेला. पूल ओलांडून बरंच पुढे आल्यावर माझ्या ध्यानात आलं की बाबा एकदाही बसले नव्हते. बोलत होते आणि चालत होते, दोन्ही एकाच वेळी. मग तर सांगणं आणखीच अवघड झालं. त्या चालण्याला मी आता कुठे खीळ घालणार.

गुरुजींना आनंद झाला. त्यांनी बाबांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांना म्हणाले, "या माणसानं वर्गाचं तोंड पाहिलं नाही अन् तीन महिने शिकला. पाहा." बाबांनी एकेक आसन केलं. सावकाश, श्वासासकट. व्यापाऱ्यांनी वा म्हटलं. मला वाटलं, आता नमस्कार करतील आणि बसतील.

"अन् आता शकटासन," बाबा म्हणाले आणि पाय पसरून बसले.

डावा बैल, उजवा बैल. सगळं मैदान पाहत होतं. गुरुजींच्या कपाळावर आठी आली. पण त्यांच्याआधी तलाठी बोलले. त्यांच्या आवाजात खरी तक्रार होती. "गुरुजी, हे आमाले नाही शिकोलं तुमी." व्यापारी म्हणाले, "हो ना. खास आसनं खासगीत शिकवून राहिले का?"

गुरुजी बाबांना म्हणाले, "हे कोणी शिकवलं तुमाले?"

"तुमीच तं," बाबा म्हणाले. "माह्या पोराच्या हातून."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर अजून अभिमान होता, आणि तो तिथून उतरताना मला पाहावा लागणार होता. दुसरी वाट नव्हती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी त्या दिवशी झोपलो होतो. हे माह्या मनानं बनवलं."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. गुरुजीही ओठ दाबून हसले आणि म्हणाले की कमरेला त्याने अपाय काही नाही, चालू द्या. बाबा हसले नाहीत. ते उठले, चटई उचलली, मागच्या ओळीत माझ्या शेजारी येऊन बसले आणि उरलेला तास गुरुजी सांगतील ते मुकाट्याने करत राहिले. त्यांचा हात माझ्या हाताला लागत होता आणि मला वाटत होतं, हा हात आता ते काढून घेतील. त्यांनी काढला नाही. पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

आम्ही परत निघालो. पुलावर आल्यावर म्हणाले, "अन् ते विहिरीचं?"

"तेही."

पुलाच्या टोकाशी त्यांनी चटई दुसऱ्या काखेत घेतली. मग ते म्हणाले, "त्या दिवशी तू पाण्याचा गिलास घेऊन रडत होता. मले वाटलं, पोरगं माह्या खोकल्याले भेलं. ते काहून होतं ते आता समजलं."

मी म्हणालो, "उद्यापासून तुमी गुरुजीजवळच शिका बाबा. मी नाही शिकवत."

"गुरुजीजवळ तं जाईनच. पण दुपारचं बंद कराचं नाही," बाबा म्हणाले. "गुरुजी एकडाव सांगते अन् पुढं जाते. आज अर्धं मले समजलंच नाही, नुसती मान हालवली. तू समजेपर्यंत सोडत नाही."

आम्ही रुळाजवळ आलो. मालगाडी जायची होती म्हणून थांबलो. गाडी जाईपर्यंत बाबा डब्यांकडे पाहत होते. शेवटचा डबा गेला तेव्हा ते म्हणाले, "हमालायले मात्र सांगू नको. त्यायच्या कमरा बऱ्या झाल्या." मग रूळ ओलांडता ओलांडता, माझ्याकडे न पाहता, "अन् यापुढं झोपला तं सरळ सांगाचं, आज झोपलो. त्या दिवशी आपण कालचंच करू."

मी हो म्हणालो. पुढे मला अमरावतीला नोकरी लागली आणि मी तिकडे राहायला गेलो, तोवर दीड वर्ष आमचा दुपारचा वर्ग चालला. त्या दीड वर्षात मी पाच-सहा वेळा झोपलो. बाबा चटईवर बसून विचारायचे, आज काय, आणि मी सांगायचो, आज झोपलो. ते बरं म्हणायचे आणि आम्ही कालचंच करायचो.